भरतीची वेळ आणि अभ्यासक्रमाचा अर्थ: खाडीकाठच्या एका शाळेचे प्रकरण

दापोली आणि गुहागर या दोन तालुक्यांच्या मधून वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते. तिच्या दाभोळ खाडीच्या काठावर असलेल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेचे हे प्रकरण आहे. शाळेचे आणि गावाचे नाव मी देत नाही, कारण येथे व्यक्तींपेक्षा एका शब्दाचा अर्थ तपासायचा आहे. त्या वेळी मी आसपासच्या शाळांच्या गटाचा, म्हणजे केंद्राचा, केंद्रप्रमुख होतो, आणि प्रकरणाची सुरुवात माझ्याच हातून शाळेच्या शेरेबुकात लिहिल्या गेलेल्या एका वाक्यापासून झाली. ते वाक्य असे होते: ‘इयत्ता चौथीचा गणिताचा अभ्यासक्रम नियोजनाच्या मागे आहे, विहित वेळेत पूर्ण करावा.’

हा शेरा लिहिण्यापूर्वी मी वर्गात काय पाहिले होते? वार्षिक नियोजनाच्या तक्त्यात डिसेंबरअखेर कोणता घटक संपलेला असायला हवा ते पाहिले, मुलांच्या वह्या चाळल्या, आणि बाईंना विचारले, ‘पुस्तक कुठवर आलंय?’ त्यांनी पान सांगितले आणि मी शेरा लिहिला. पुस्तक आणि अभ्यासक्रम हे दोन शब्द मी एकाच अर्थाने वापरले, याची जाणीव मला तेव्हा झाली नाही. बाईंनाही झाली नसावी, कारण त्यांनी शेऱ्याखाली सही करून ‘पूर्तता करते’ असे लिहिले.

गावाचे दोन भाग आहेत. खाली पाण्यालगत खारवी आणि भोई कुटुंबांची वस्ती आहे, तर वर चढणीवर कुणब्यांची वाडी आहे. शाळा या दोहोंच्या मध्ये, वाटेच्या वळणावर उभी आहे. खालच्या वस्तीतील पुरुष होड्यांवर जातात आणि बायका ओहोटीच्या वेळी खडकांवरची कालवे काढतात, वाळू-चिखलातून तिसऱ्या आणि मुळे वेचतात; हे सगळे खाण्याचे शिंपले. वरच्या वाडीत भातशेती, थोडी आंबा-काजूची कलमे आणि मुंबईहून येणारी मनीऑर्डर यांवर संसार चालतो. या मनीऑर्डरीचे रूप आता बदलले आहे, पण मुंबईवरचे अवलंबन कायम आहे.

बाई मूळच्या घाटावरच्या. या शाळेवर येण्यापूर्वी त्यांनी समुद्र सहलीतच पाहिलेला होता. त्यांची अडचण सरळ होती: खालच्या वस्तीतील मुले नियमित येत नव्हती, आणि नवा घटक सुरू केला की त्यांतली निम्मी त्या दिवशी वर्गात नसत. पुन्हा शिकवावे तर पुस्तक मागे पडते, पुढे जावे तर मुले मागे पडतात. त्यांनी घरोघरी जाऊन समजावले, मुलांना रागावून पाहिले, बक्षिसेही ठेवली. पालकांना शिक्षणाचे महत्त्व पटलेले नाही, हा आपल्या खात्यात सर्रास काढला जाणारा निष्कर्ष त्यांनीही काढला होता, आणि मी त्याला मान डोलावली होती.

हजेरीपट आणि तिथी

वळण आले ते पालकसभेत. बाईंनी नेहमीप्रमाणे गैरहजेरीचा विषय काढला, तेव्हा मागे बसलेली एक आजी म्हणाली, ‘बाई, पाणी काय तुमची घंटा ऐकून येत नाय.’ सभेत हशा पिकला. बाईंना मात्र ते वाक्य लागून राहिले. त्या रात्री त्यांनी मागील चार महिन्यांचा हजेरीपट उघडला आणि शेजारी तिथी दिलेली दिनदर्शिका ठेवली.

जे दिसले ते त्यांनी मला पुढच्या भेटीत कागदावर मांडून दाखवले. दिवाळीनंतर, म्हणजे पावसाळ्याचे गढूळ पाणी निवळून कालवांचा हंगाम सुरू झाल्यावर, मुलांचे न येणे मनमानी राहिलेले नव्हते. शुद्ध आणि वद्य अशा दोन्ही पक्षांत तृतीया ते पंचमीच्या दिवशी मुले सकाळी उशिरा येत, आणि द्वादशी ते चतुर्दशीच्या दिवशी दुपारची खिचडी खाऊन निघून जात. अष्टमी-नवमीच्या आसपास पट जवळजवळ भरलेला असे. वार, सण, बाजार यांच्याशी या नोंदींचा मेळ बसत नव्हता. तो फक्त चंद्राशी बसत होता.

याचे कारण किनाऱ्यावरच्या कोणालाही ठाऊक असते, पण आम्हा दोघांना ते शिकावे लागले. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, त्यामुळे भरती मोठी आणि ओहोटी खोल होते, हे उधाण. अष्टमीच्या सुमारास ही ओढ काटकोनात असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, हा भांग. कालवे धरलेले खालचे खडक उधाणाच्या दिवसांतच उघडे पडतात. भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला जुना हिशेब असा आहे की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे भरती सुमारे तीन वाजता. भरती आणि ओहोटी यांत सव्वासहा तासांच्या आसपास अंतर असते, म्हणून त्या दिवशी सकाळची ओहोटी पावणेनऊच्या सुमारास येते. आईबरोबर खडकांवर गेलेली, किंवा आई खडकांवर असताना धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेली मुलगी साडेदहाच्या घंटेला पोहोचणार कशी? त्रयोदशीला तेरा पाऊण पावणेदहा; त्या दिवशी भरती सकाळी पावणेदहाला आणि ओहोटी दुपारी चारला, म्हणजे घरातून निघायची वेळ दुपारच्या सुट्टीनंतरची.

गैरहजर राहणाऱ्यांत मुलींची संख्या अधिक होती, हे बाईंनी मुद्दाम अधोरेखित केले होते. कालवे काढणे हे बायकांचे काम, आणि त्यामागून येणारे भावंड सांभाळणे हे मुलींचे. चौथीतल्या ज्या मुलीला आम्ही ‘गणितात कच्ची’ असे नोंदवले होते, तिने अपूर्णांकाच्या घटकाचे जे पाठ चुकवले होते ते सगळे तीज-चौथीचे होते.

‘पूर्ण करणे’ म्हणजे काय

आता माझ्या शेऱ्याकडे वळतो, कारण या प्रकरणाचा गाभा तेथे आहे. ‘विहित वेळेत पूर्ण करावा’ हे शब्द मी मनाने लिहिले नव्हते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्ये दिली आहेत, आणि त्यांत संपूर्ण अभ्यासक्रम विहित वेळेत पूर्ण करणे हे एक कर्तव्य आहे. शेरा लिहिणारा प्रत्येक अधिकारी कळत-नकळत याच खंडाच्या आधारावर उभा असतो. परंतु त्याच कलमात त्या खंडाच्या आधी असे म्हटले आहे की अभ्यासक्रम कलम २९ च्या दुसऱ्या पोटकलमाला अनुसरून राबवायचा आणि पूर्ण करायचा आहे. आणि त्या खंडाच्या नंतर असे, की प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता जोखून आवश्यक तेथे जादा अध्यापनाची भर घालायची आहे. कलम २९ मध्ये मुलाचा सर्वांगीण विकास, त्याच्या ज्ञानाची व क्षमतेची जडणघडण, कृती, शोध आणि धांडोळा यांतून शिकणे, शक्य तितके मातृभाषेतून शिकणे आणि भयमुक्त वातावरण यांचा उल्लेख आहे. पुस्तकाच्या पानांचा तेथे उल्लेखही नाही.

म्हणजे कायद्याने ‘पूर्ण’ करायला सांगितलेली वस्तू पाठ्यपुस्तक नव्हे. मग ती कोणती? अध्यापक विद्यालयात हा प्रश्न आम्हाला परीक्षेत आलेला होता आणि मी त्याचे उत्तर पाठ करून लिहिले होते. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने, म्हणजे माध्यमिक शिक्षण आयोगाने, सांगितले होते की अभ्यासक्रम म्हणजे केवळ परंपरेने शिकवले जाणारे विषय नव्हेत. वर्ग, ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यशाळा, क्रीडांगण आणि शिक्षक-विद्यार्थी यांच्यातील असंख्य अनौपचारिक भेटीगाठी यांतून विद्यार्थ्याला मिळणाऱ्या अनुभवांची ती समग्रता आहे. ही व्याख्या मला तेव्हाही येत होती. पण शेरा लिहिताना ती माझ्या हाताशी आली नाही, कारण ती मी उत्तरपत्रिकेपुरती शिकलो होतो. यावरूनच, माझ्या स्वतःच्या शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण झाला होता का, असा प्रश्न मला पडतो.

आपल्याकडे तीन शब्द एकमेकांत मिसळतात आणि त्यातून गोंधळ होतो. पाठ्यपुस्तक हे साधन आहे. आपल्या राज्यात १९६७ साली स्थापन झालेले पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, ते तयार करते. पाठ्यक्रम ही एखाद्या विषयात एका वर्षात कोणते घटक यावेत याची यादी आहे. अभ्यासक्रम या दोहोंहून मोठा आहे: मुलाने काय बनावे असे आपल्याला वाटते, त्यासाठी त्याला कोणते अनुभव द्यायचे, ते कोणत्या क्रमाने लावायचे आणि ते पोहोचले की नाही हे कसे ओळखायचे, या सगळ्या निर्णयांचा मिळून तो होतो. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ साली नेमके हेच चार प्रश्न मांडले होते. उद्दिष्टे, अनुभव, रचना, मूल्यमापन. इंग्रजीत अभ्यासक्रमासाठी जो शब्द वापरतात त्याच्या मुळाशी लॅटिनमधील धावण्याचा अर्थ आहे, त्यामुळे धावण्याचा मार्ग, शर्यतीची पट्टी असे चित्र त्यातून उभे राहते. आपला शब्द मला अधिक समंजस वाटतो. अभ्यास म्हणजे पुनःपुन्हा करणे आणि क्रम म्हणजे लावणी. कोणाचा अभ्यास आणि कोणाच्या सोयीने लावलेला क्रम, हे मात्र शब्द सांगत नाही. ते शाळेला ठरवावे लागते.

या शाळेने क्रम ठरवलाच नव्हता. तो छापील आला होता आणि जसाच्या तसा भिंतीवर लागला होता.

आणखी एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. शाळा जे जाहीरपणे शिकवते त्याखेरीज तिच्या वागण्यातून आणखी काही शिकवले जाते. फिलिप जॅक्सन यांनी १९६८ साली त्याला छुपा अभ्यासक्रम म्हटले. आपल्याकडील हजेरीचे रागावणे, उशिरा आलेल्या मुलीला दाराशी उभे करणे, ‘कुठे गेली होतीस?’ या प्रश्नावर ‘कालवं काढायला’ हे उत्तर आल्यावर वर्गात उमटणारे हसू, यांतून खालच्या वस्तीतील मुले रोज एक धडा शिकत होती: आईचे काम हे सांगण्यासारखे काम नाही. हा धडा कोणत्याही नियोजनात नव्हता, आणि तरीही तोच सर्वांत नियमितपणे शिकवला जात होता. भरती-ओहोटी हा घटक सातवीच्या भूगोलात येतो. सहा वर्षांचे मूल जे रोज पाहते ते शाळेत बाराव्या वर्षापर्यंत उच्चारले जात नाही, तेव्हा ते न उच्चारणेही मुलाला काहीतरी सांगत असते.

बदल काय केला

बाईंनी शाळेची वेळ बदलली नाही; तो अधिकार त्यांचा नव्हता. शैक्षणिक दिनदर्शिका ठरवणे हे अधिनियमाच्या कलम ९ नुसार स्थानिक प्राधिकरणाचे काम आहे. त्यांनी दिवसाच्या आतला क्रम बदलला. दर महिन्याच्या नियोजनात त्यांनी तिथीचा एक रकाना पेन्सिलने आखला. तृतीया ते पंचमीच्या दिवशी पहिल्या दोन तासिकांत नवा घटक घ्यायचा नाही. त्या वेळी वाचन, चित्रकला, कार्यानुभव आणि आधी झालेल्याचा सराव घ्यायचा, आणि गणित दुपारी. द्वादशी ते चतुर्दशीला याच्या उलट, नवे सगळे सकाळी. भांगाच्या दिवसांत, जेव्हा पट भरलेला असतो, तेव्हा अवघड घटक. तासिकांची संख्या तीच राहिली आणि विषयांचा भारही तोच राहिला.

याचा अर्थ त्यांनी गैरहजेरीला मान्यता दिली असा कोणी घेऊ नये, कारण तो माझाही पहिला आक्षेप होता. शाळा व्यवस्थापन समितीत त्यांनी हजेरीचा तो कागद मांडला आणि बायकांशीच बोलणी केली. धाकटी भावंडे शाळेच्या ओसरीवर, अंगणवाडीच्या मदतनीस बाईंच्या नजरेखाली बसू शकतील, पण मोठी मुलगी वर्गात बसेल, असे ठरले. हे पूर्णपणे पाळले गेले नाही. परंतु पूर्वी शाळा आणि पाणी यांत मुलीला एकाची निवड करावी लागत होती, ती सक्ती बऱ्याच दिवसांपुरती सुटली.

जूनच्या मध्याला शाळा उघडते तेव्हा यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. १ जून ते ३१ जुलै असे ते एकसष्ट दिवस. वडील घरी असतात, अंगणात जाळी दुरुस्त होत असतात. पुढच्या वर्षी बाईंनी पालकभेटी आणि जाळ्याच्या आसांची, म्हणजे छिद्रांची, मोजमापे हे सगळे या दिवसांत आणले. वर्षभर पालक सभेला येत नाहीत अशी जी तक्रार होती, ती सभा नारळी पौर्णिमेच्या आधी घेतल्यावर उरली नाही.

पाऊणचा पाठ

मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग वेळापत्रकाचा नाही, अपूर्णांकाचा आहे. कागदाची पट्टी चार घड्या घालून तीन भाग रंगवणे आणि त्याला तीन चतुर्थांश म्हणणे, ही रीत बाईंनी आधी वापरलेली होती. ती चुकीची नाही. पण त्या मुलांच्या घरी पाऊण हा अंक बोटांवर होता. त्यांनी आजीला वर्गात बोलावले. आजीने पेरांवर मोजत म्हणून दाखवले: एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे एके काळी मराठी शाळांत घोकले जात. येथे ते शाळेतून गेले आणि पाण्याच्या काठावर टिकून राहिले. मुलांनी पंधरा तिथींचा तक्ता केला आणि प्रत्येक तिथीसमोर भरतीची वेळ लिहिली. ‘गणितात कच्ची’ असलेली मुलगी त्या दिवशी फळ्याशी होती.

तक्ता पूर्ण झाल्यावर तिनेच विचारले: पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला एक पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. रोज पाऊण तास सरकणारे पाणी त्या एका दिवसात दीड तास कसे सरकले? बाईंना उत्तर येत नव्हते आणि त्यांनी तसे सांगितले. मला हा त्या वर्षातला सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो. मुलीचा प्रश्न अगदी बरोबर होता. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तास सरकते, म्हणजे एका तिथीला सरासरी अठ्ठेचाळीस मिनिटे. हिशेब पाऊणचा, म्हणजे पंचेचाळीस मिनिटांचा आहे. प्रत्येक तिथीला तीन मिनिटे मागे राहतात, आणि पंधरा तिथींत ती पंचेचाळीस होतात. उरलेला पाऊण तास त्या उडीत भरून निघतो. अठ्ठेचाळीस मिनिटे म्हणजे नेमक्या दोन घटका होतात हे मला नंतर सुचले, आणि घड्याळ नसलेल्या काळातील माणसे हे कसे मोजत असतील याचा विचार बराच वेळ मनात राहिला.

त्यानंतर मुलांनी धक्क्याच्या खांबावर रंगाच्या खुणा करून पाण्याची उंची आणि वेळ लिहायला सुरुवात केली. हिशेबाची वेळ आणि खरी वेळ यांत अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, उधाणाच्या दिवसांत पाणी रोज कमी सरकते आणि भांगात जास्त, एका दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात, हे त्यांच्या वहीत आले. आजीचा नियम खोटा ठरला असे बाईंनी मुलांना म्हणू दिले नाही आणि तो अचूक आहे असेही म्हणू दिले नाही. बोटांवर मोजता यावा म्हणून तो गोल केलेला आहे, हे मुलांनी स्वतः मांडले. चौथीच्या गणिताची अध्ययन निष्पत्ती एवढीच होती की पाव, अर्धा, पाऊण ओळखता यावेत आणि त्यांचा वापर करता यावा. ती पूर्ण झाली, आणि पुस्तकाचे ते पान वर्गात दोन दिवसांत उरकले.

एका वडिलांचा आक्षेप

हे सगळे सर्वांना आवडले असे नाही. खालच्या वस्तीतीलच एक वडील, स्वतः सातवीनंतर होडीवर गेलेले, सभेत उभे राहून म्हणाले, ‘दर्याचं आम्ही शिकवतो, साहेब. तुम्ही जे आम्हाला येत नाय ते शिकवा. पोराला परत होडीवरच पाठवायचं तर शाळा कशाला?’

या आक्षेपाला मी फार मान देतो. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमची कल्पना मांडली गेली आणि झाकिर हुसेन समितीने तिचा आराखडा केला, तेव्हापासून हा प्रश्न आपल्या शिक्षणाच्या मागे आहे: हातातल्या कामातून शिकवायचे ठरवले की गरिबाच्या मुलाला त्याच कामात अडकवून ठेवले जाईल का? शहरातील शाळेत कोडिंग आणि किनाऱ्यावरील शाळेत कालवे, अशी वाटणी होणार असेल तर ती अन्यायाचीच होईल. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ याने शाळेबाहेरच्या जीवनाशी ज्ञान जोडावे असे पहिलेच तत्त्व सांगितले आहे, पण ‘जोडावे’ याचा अर्थ ‘तेथेच थांबावे’ असा होऊ शकत नाही.

बाईंनी त्या वडिलांना दिलेले उत्तर असे: मुलाने काय शिकावे ते मी बदललेले नाही, त्याची परीक्षा वरच्या वाडीतल्या आणि चिपळूणच्या मुलासारखीच होणार आहे, मी फक्त कुठून सुरुवात करायची ते बदलले आहे. उद्दिष्ट आणि वाट यांतील हा फरक मला या प्रकरणातील सर्वांत उपयोगी भेद वाटतो, कारण अभ्यासक्रम स्थानिक करणे म्हणजे उद्दिष्ट लहान करणे अशी आपल्या खात्यातही समजूत आहे. त्या वडिलांचे पूर्ण समाधान झाले नाही. ते म्हणाले, ‘बघू.’ त्यांचा मुलगा मात्र खांबावरच्या खुणा वाचायला नियमित येत राहिला.

वरच्या वाडीची मुले

एक चूक सुरुवातीला घडली आणि ती आम्हा दोघांच्याही लक्षात उशिरा आली. भरतीच्या तक्त्याने खालची मुले पुढे आली, पण वरच्या वाडीतील मुले गप्प झाली. त्यांच्या घरात तिथी उपवासासाठी पाहिली जाते, पाण्यासाठी नाही. पूर्वी एका वस्तीचे अनुभव वर्गाबाहेर होते, आता दुसऱ्या वस्तीचे जाऊ लागले. ‘परिसर’ हा शब्द आपण एकवचनात वापरतो; एकाच शाळेत दोन परिसर असू शकतात.

उपाय एका कुणबी मुलाच्या आजोबांच्या पडवीत मिळाला. तेथे भात मोजायचे जुने शेर आणि पायली होती. चार शेरांची एक पायली, म्हणून तीन शेर म्हणजे पाऊण पायली. मापे वर्गात आली आणि पाऊण दोन्ही वाड्यांचा झाला. खालच्या मुलांनी शेर भरून पाहिले, वरच्या मुलांनी धक्क्यावर खुणा वाचल्या. हे जुळून आले म्हणून बरे. प्रत्येक घटकाला असे काही सापडेलच असे नाही, आणि ओढूनताणून जोडलेला परिसर मुलांना लगेच कळतो.

जे सुटले नाही

तिथीचा तो रकाना नियोजनाच्या छापील नमुन्यात नाही. बाई तो पेन्सिलने आखत, आणि तपासणीच्या आधी खोडावा का, असे त्यांनी मला एकदा विचारले होते. मी नको म्हणालो आणि शेरेबुकात त्याची नोंद केली, पण माझ्या बदलीनंतर येणाऱ्या अधिकाऱ्याला ती नोंद कशी वाटेल हे मी सांगू शकत नाही. बाईंचीही पुढे बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्या गुरुजींना त्यांनी तक्ता आणि वह्या सोपवल्या. त्या शाळेत नवीन शिक्षक आल्यावर हा अनुभव पुन्हा पहिल्यापासून मिळवावा लागू नये, म्हणून तो कुठे लिहून ठेवायचा, याला सध्याच्या नमुन्यांत जागा नाही. तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हावार निघाले ही चांगली गोष्ट झाली. पण जिल्हा आणि खाडीकाठची वाडी यांत बरेच अंतर आहे.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. चौथीनंतर ही मुले चढण चढून, एसटीने दुसऱ्या गावच्या शाळेत जातात. तेथे अनेक गावांची मुले एकत्र येतात, एसटी ठरलेल्या वेळी सुटते आणि तेथील वेळापत्रकाला तिथीचा रकाना जोडणे शक्य नाही. फळ्याशी प्रश्न विचारणारी ती मुलगी पाचवीत गेली त्या वर्षी दिवाळीनंतर मी त्या शाळेच्या भेटीला गेलो होतो. तृतीया होती. पहिल्या तासिकेच्या हजेरीत तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण होती, आणि वर्गशिक्षकांनी मला सांगितले की मुलगी हुशार आहे पण अनियमित आहे. मी त्यांना भरतीची वेळ सांगितली. ते थोडा वेळ थांबले, मग त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले आणि मागील महिन्याचा हजेरीपट कपाटातून काढला.